ठाणे-बेलापूर रस्त्यावरची दिंडी

आमच्या दिंडीत मावशीला सगळे ‘पापणीवाली’ म्हणायचे. वारीत माणसं एकमेकांच्या पाया पडतात. मावशी मात्र समोर वाकलेल्या बाईला आधी सरळ उभी करायची आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून आतला रंग बघायची. फिका दिसला की त्या बाईची आळंदीपर्यंत सुटका नसे. जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, वरणावर लिंबू पिळायचं, लोहाची गोळी चुकवायची नाही. विणेकरी बुवा म्हणायचे, “चोपदार माझं ऐकतो, पण चोपदाराला हिचं ऐकावं लागतं.”

यंदा मावशी नव्हती. तिची पताका दिंडीनं माझ्या हातात दिली आणि तिची वही मावसभावानं.

ज्ञानोबांनी कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, १२९६ साली. त्या सोहळ्याला ठाण्याहून पायी पोचायचं तर बरेच दिवस आधी निघावं लागतं. काकडा आटोपून आम्ही अंधारातच कोर्टनाका सोडला. कळवा पुलावर खाडीचा वास आला, पुढे विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली टाळांचा असा काही आवाज घुमला की पखवाजवाला उगाचच तिथे रेंगाळला. पावसाळ्यात हीच जागा तुंबते. वारीच्या वर्णनात हिरवी शेतं आणि रिंगण असतं. आमच्या पहिल्या दिवशी डावीकडे एमआयडीसी आणि तिच्या मागे पारसिकचा डोंगर, उजवीकडे ट्रान्स-हार्बरची लोकल, आणि अंगावर येणारे ट्रेलर. मला तरी हे जास्त आपलं वाटतं.

मावशी अंगणवाडी सेविका होती, तुर्भ्याच्या दगडखाणीलगतच्या वस्तीत. निवृत्तीनंतरही रोज तिथेच जायची, फक्त मानधन थांबलं होतं. (ते आधीही असं कितीसं होतं!) त्याआधी, १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लेकरं दगावली, तेव्हा ती मदतीला गेली होती. आता पालघरमध्ये असलेला तो भाग तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. तिथलं ती फार सांगायची नाही. एवढंच म्हणायची, “कागदावर गोवर लिहितात, हगवण लिहितात, न्यूमोनिया लिहितात. भूक कुणी लिहीत नाही.” कुपोषित पोराला साधा जुलाबही पेलत नाही, हे तिच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं होतं. म्हणूनच बुक्क्याच्या डबीशेजारी तिच्या पिशवीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असे. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या आत असला तर लाल, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा.

रबाळ्यापर्यंत जागोजागी चहा, बिस्किटं आणि वडे. अन्नदान करणाऱ्याला नाही म्हणू नये, हे मान्य. पण दिवसभर चालणाऱ्या, साठी ओलांडलेल्या, निम्म्या मधुमेही माणसांना साखर आणि मैदा किती चारायचा? मावशी दिंडीच्या आधी या गावांत फिरून भांडून यायची. चणे-गूळ द्या, केळी द्या, ताक द्या. तिच्यामागे हे सगळं बंद पडेल असं मी धरून चालले होते. पण घणसोलीत एका आगरी घरासमोर मोठं पातेलं घेऊन दोघी जावा उभ्या होत्या. नाचणीची आंबील, वर जिरं. थोरली म्हणाली, “घे गो भरून. चाय ठेवला असता तं तुजी मावशी वरून वरडली असती.”

तुर्भ्यात दिंडीचा विसावा देवळात नसतो, अंगणवाडीत असतो. हासुद्धा मावशीचाच हट्ट. आताची सेविका तिच्याच हाताखाली तयार झालेली. आम्ही पोचलो तेव्हा ती दीड वर्षाच्या एका मुलाचा दंड मोजत होती. पट्टी पिवळ्यात थांबली. आई खाणीवरून तशीच आलेली, केसांत दगडाची पांढरी भुकटी. सेविका तिला रागावली नाही. म्हणाली, “अगं, याचं पोट याच्या मुठीएवढं. पातळ पेजेनं ते भरतं, पण अंगी काही लागत नाही. वरण-भात घट्ट कालव, वर चमचाभर तेल घाल आणि दिवसातून पाच वेळा थोडं थोडं भरव. सोमवारी वजनाला आण.” तोवर बाहेर आमच्या म्हाताऱ्या वस्तीतल्या पोरींबरोबर फुगड्या घालत होत्या. बुवांनी पसायदान घेतलं ते तिथेच. मला धड म्हणता आलं नाही, घसा दाटला होता.

नेरुळला मुक्काम. हरिपाठ झाला, पंगत उठली, आणि आचारीमामा शिध्याची यादी घेऊन माझ्यासमोर बसले.

“भाची, एकादशीला साबुदाणा किती लिहू?”

मी वही उघडली. मावशीनं ठसठशीत लिहिलं होतं : साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. भगर, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी करावी.

“शून्य लिहा,” मी म्हटलं.

मामांनी डोकं खाजवलं. “खरं सांगू? तुझी मावशी होती तेव्हासुद्धा मी दोन घमेली खिचडी मागच्या बाजूला गुपचूप करायचो. लोकांना लागतेच गं एकादशीला.”

मी पान उलटून वही त्यांच्याकडे फिरवली. खाली बारीक अक्षरात होतं : मामा मागे लपून खिचडी करतात. करू द्यावी. साबुदाण्याच्या निम्मे दाणे पडतील असं बघावं.

मामांनी ते दोनदा वाचलं, आणि यादीत दाणे वाढवले.