उजवी उघडली आणि डावीकडचा आकडा बदलला

काकांच्या हृदयाला रक्त देणारी उजवी करोनरी धमनी पूर्ण बंद होती, आणि तीही तीन महिन्यांहून जास्त काळ. अशा जुन्या ब्लॉकला आम्ही सीटीओ म्हणतो. डावीकडे एक्स-रेत दिसणारा डाय सोडला की आधी एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूची डावी धमनी भरायची, मग तिच्यातून हृदयाच्या मधल्या पडद्यात जाणाऱ्या बारीक, नागमोडी सेप्टल फांद्या, आणि काही ठोक्यांनंतर उजव्या धमनीचं टोक खालून वर, उलट्या दिशेने भरत यायचं. उजवीकडचा स्नायू या उसन्या रक्तावर तगला होता.

पेच एलएडीचा होता. तिच्यातही मध्यम ब्लॉक होता आणि नुसत्या डोळ्यांनी निकाल लागेना. दाब मोजणारी प्रेशर वायर ब्लॉकपलीकडे नेली, रक्तप्रवाह वाढवणारं अडेनोसिन सुरू केलं.

"डॉक्टर, छाती दडपल्यासारखी वाटतेय."

"औषधामुळे होतंय काका. बंद केलं की लगेच जाईल."

एफएफआर, म्हणजे ब्लॉकपलीकडच्या आणि अलीकडच्या दाबांचं गुणोत्तर, आला ०.७६. ०.८० किंवा त्याखाली आकडा आला की ब्लॉक रक्तपुरवठ्याच्या आड येतोय असं धरतात. म्हणजे एलएडीलाही स्टेंट. तरी मी आधी उजवी उघडायचं ठरवलं.

एफएफआर म्हणजे रक्तप्रवाह औषधाने कमाल वाढवलेला असताना ब्लॉकपलीकडचा दाब भागिले महाधमनीतला दाब. हा दाब किती घसरेल ते ब्लॉक किती अरुंद आहे यावर ठरतंच, पण त्यातून किती रक्त धावतंय यावरही ठरतं. काकांची एलएडी दोन घरांचा संसार ओढत होती. त्याच ब्लॉकमधून जास्त रक्त जात होतं, म्हणून दाबही जास्त पडत होता.

उजवीत वायर पलीकडे जायला बराच वेळ लागला. बलून, स्टेंट झाले आणि पुन्हा डावीकडे डाय सोडला. एलएडी भरली, सेप्टल फांद्या भरल्या, पण उजवीकडे काहीच उतरलं नाही. तिथे आता समोरून पुरेसा दाब होता, त्यामुळे रक्ताला पलीकडे ढकलणारा फरकच उरला नव्हता. हे इतक्या चटकन होताना पाहिलं की मी दर वेळी थक्क होतो.

प्रेशर वायर गाइडच्या, म्हणजे धमनीच्या मुखाशी बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी आणून दोन्ही दाब जुळवून घेतले. इथे आळस केला तर पुढचा आकडा फसवा येतो. पुन्हा अडेनोसिन. टेक्निशियनने आकडा वाचला, "सर, ०.८३." एलएडीला आम्ही हातही लावला नव्हता.

सगळ्यांमध्ये एवढा फरक पडत नाही. बहुतेकांत आकडा थोडासाच वर सरकतो. पण ०.८० च्या काठावरच्या पेशंटला तेवढ्यानेही एक स्टेंट वाचू शकतो. म्हणूनच सीटीओ उघडणार असू, तर रक्त पुरवणाऱ्या धमनीचा निकाल त्यानंतरच्या मापावर द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

बाहेर मुलीने विचारलं, "डावीकडचा ब्लॉक गेला का?"

"नाही, ब्लॉक आहे तेवढाच आहे. त्याच्यावरचा भार उतरलाय. म्हणून त्याला सध्या गोळ्याच." रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, हेही तिला बजावून सांगितलं. उजवीकडचा स्टेंट अचानक बंद पडला, तर त्या जुन्या आडवाटा पुन्हा तितक्याच जोमाने धावून येतील याची खात्री नसते.