४० पिक्सेलचा वाद

पुरवठादाराकडून आलेला तो लॉट आम्ही सकाळीच अडवला होता. पोलादी भागावरचा निकेलचा थर ड्रॉइंगप्रमाणे किमान २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २५ हजारांश हवा. आमच्या मोजणीत तो २१.४ येत होता आणि पुरवठादाराच्या रिपोर्टात २७. पद्धत दोघांचीही एकच, आयएसओ १४६३ मधली. तुकडा थराला काटकोनात कापायचा, रेझिनमध्ये बसवायचा, घासून पॉलिश करायचा, मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचा. मग फोटोत थराच्या एका कडेवर एक क्लिक आणि समोरच्या कडेवर दुसरी. सॉफ्टवेअर त्या दोन बिंदूंमधले पिक्सेल मोजतं, एका पिक्सेलचे किती मायक्रॉन हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं, त्यानं गुणून आकडा समोर ठेवतं.

दुपारी पुरवठादाराचे क्वालिटी मॅनेजर आले. सोबत त्यांच्या लॅबमध्ये मोजणी करणारी मुलगी होती. येताना त्यांनी मूळ फोटोंच्या फाइल आणि ज्याचे ते फोटो होते तो माउंट, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेला तुकडाही आणला होता, हे फार बरं झालं. आमचा तुकडा वेगळा आणि त्यांचा वेगळा, या चर्चेत संध्याकाळ गेली असती. त्यांचाच माउंट आमच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. आकडा आला २१.४.

मॅनेजर म्हणाले, “मॅडम, क्लिक कुठे करायची हा शेवटी नजरेचा प्रश्न. तुम्ही आतून धरता, ही बाहेरून धरत असेल.” आणि त्या मुलीकडे असं पाहिलं की ती खाली बघायला लागली.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. फोटोतली कड ही काही रेघ नसते. निकेल जिथे रेझिनला भिडतो तिथे पॉलिश करताना धार गोलावली, की ती फोकसच्या बाहेर जाते आणि कडेच्या जागी एक धूसर पट्टा दिसतो. म्हणूनच माउंट करण्याआधी वरून तांब्याचा थर चढवतात; मग निकेलची धार टिकते आणि रंगाचा फरकही स्वच्छ दिसतो. आतल्या बाजूला निकेल आणि पोलाद दोन्ही पांढरे, त्यामुळे नायटालनं, म्हणजे अल्कोहोलमधल्या नायट्रिक ॲसिडनं, हलकं एच करून (किंचित खाऊ देऊन) पोलाद काळवंडून घ्यावं लागतं. एच जास्त झालं तर सीमेवर खाच पडते आणि त्या खाचेचा कुठला काठ धरायचा, हा नवा प्रश्न उभा राहतो. सगळं छान जमलं तरी ०.८ न्यूमरिकल ॲपर्चरच्या (लेन्स किती रुंद कोनातला उजेड घेते त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे वस्तूजवळच्या लेन्सला, हिरव्या उजेडात साधारण ०.४ मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही. म्हणजे कडेची जागा दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे होणारच.

पण दोन-तीनच. आमच्याकडे ५० पटीच्या ऑब्जेक्टिव्हवर एक पिक्सेल म्हणजे ०.१३८ मायक्रॉन. त्यांच्या आणि आमच्या आकड्यातला फरक ५.६ मायक्रॉनचा. भागाकार केला तर साधारण ४० पिक्सेल. कितीही नवखा माणूस माउसवर बसवला तरी ४० पिक्सेल चुकणार नाही, आणि चुकलाच तर प्रत्येक वेळी त्याच बाजूला, तितकाच चुकणार नाही. त्या मुलीनं थरावर वेगवेगळ्या जागी घेतलेली रीडिंग्ज मी पाहिली होती. एकमेकांपासून तीन-चार दशांशाच्या आतच होती. इतका स्थिर हात मी कमी लोकांचा पाहिला आहे. याच गोष्टीवर मॅनेजरांचाही भरवसा होता, की रीडिंग्ज इतकी जुळतात म्हणजे आकडा बरोबरच असणार. हाताची थरथर सरासरी काढली की निवळते. फूटपट्टीच चुकीची असेल तर हजार रीडिंग्जची सरासरीही तितकीच चुकीची येते, फक्त फार नीटनेटकी दिसते.

मी तिला आमच्या खुर्चीत बसवलं आणि आमचा फोटो मोजायला सांगितला. तिनं झूम ४०० टक्क्यांवर नेला, थराला काटकोनात रेघ यावी म्हणून आधी कडेची दिशा पाहून घेतली, मग क्लिक केली. २१.५. तिच्या फोटोवर मी मोजलं. २७.०, म्हणजे १९६ पिक्सेल. हात बदलले, आकडे फोटोंपाशीच राहिले. मॅनेजर पहिल्यांदा गप्प झाले.

मग एकेक शक्यता खोडत गेलो. फोटो मेलमधून जाताना लहान-मोठा झाला का? नाही, २४४८ बाय २०४८, कॅमेऱ्याचा पूर्ण आकार. दोन्ही लॅबमधले कॅमेरे योगायोगानं सारख्याच सेन्सरचे, ३.४५ मायक्रॉन पिक्सेलचे. माउंट तिरका कापला गेला का? तिरका काप थर जाड दाखवतो हे खरं, पण १० अंश कलला तरी दीड टक्काच. २१.४ चे २७ व्हायला जवळजवळ ३८ अंश कलायला हवा, आणि शिवाय हाच माउंट आमच्याकडे २१.४ देत होता. आमचं कॅलिब्रेशन? सगळ्यांसमोर स्टेज मायक्रोमीटर ठेवला, म्हणजे रेघा आखलेली मोजपट्टी, एक मिलिमीटरचे १०० भाग असलेली. जितकं लांब अंतर घ्याल तितकी क्लिकची चूक वाटली जाते, म्हणून २० भाग घेतले, एका रेघेच्या डाव्या काठापासून दुसरीच्या डाव्या काठापर्यंत. २०० मायक्रॉनला १४४९ पिक्सेल. आडवं तसंच उभं. आमचं ०.१३८ जागेवर होतं.

“पण आमच्या फोटोवर ५० मायक्रॉनची पट्टी छापलेली आहे,” मॅनेजर म्हणाले. “ती मोजून बघा.” मोजली, बरोबर ५० आली. ती येणारच होती. ही पट्टी वस्तूवर नसते, सॉफ्टवेअर ती फोटोवर काढतं, आणि काढताना तोच साठवलेला गुणक वापरतं ज्यानं मोजमाप केलेलं असतं. गुणक खोटा असेल तर पट्टीही तितकीच खोटी, आणि दोघांचं एकमेकांशी छान जुळतं. साक्षीदार हवा होता तो फोटोतल्याच वस्तूवरचा, ज्याची लांबी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावरून ठाऊक आहे असा.

तो त्यांच्या फोटोत होता. खालच्या कोपऱ्यात, पोलादावर, चौकोनी खड्ड्यासारखा एक ठसा. त्याच माउंटवर त्यांनी आधी विकर्स हार्डनेस, म्हणजे हिऱ्याच्या ठशाच्या आकारावरून कठीणपणा, घेतली होती आणि हिऱ्याच्या टोकाचा तो ठसा फ्रेममध्ये आला होता. हार्डनेसचा रिपोर्ट फाइलमध्ये लावलेलाच होता: १०० ग्रॅम भार, २०० एचव्ही (विकर्सचा आकडा). हार्डनेस टेस्टरची लेन्स वेगळी, त्याचं कॅलिब्रेशन वेगळं. विकर्सचं सूत्र उलटं फिरवलं, १.८५४४ गुणिले भार, भागिले हार्डनेस, त्याचं वर्गमूळ. कर्ण यायला हवा ३०.४ मायक्रॉन. तिलाच म्हटलं, मोज. ठशाच्या टोकावर क्लिक, समोरच्या टोकावर क्लिक. मग दुसरा कर्ण. ३८.३ आणि ३८.५. पिक्सेलमध्ये २७८.

ठसा खरोखर एवढा मोठा असता तर पोलादाची हार्डनेस १२६ निघाली असती. हार्डनेसच्या आकड्यात दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतं, ठशावरून कॅलिब्रेशन करावं असं मी कुणाला सांगणार नाही. पण इथे नुसत्या कर्णातच फरक २६ टक्क्यांचा होता. आणि ३०.४ ला २७८ पिक्सेल धरून त्यांच्या थराचे १९६ पिक्सेल मोजले, तर उत्तर आलं २१.४.

२६ टक्के हा आकडा मला ओळखीचा वाटला. कॅमेरा मायक्रोस्कोपवर ज्या नळीतून बसतो त्या अडॅप्टरचे सर्रास मिळणारे दोन प्रकार, ०.५ पट आणि ०.६३ पट. भागाकार १.२६. मी तिला विचारलं, मध्यंतरी कॅमेरा काढला होता का. ती म्हणाली, “हो मॅडम, आत धूळ दिसत होती म्हणून सर्व्हिसला दिला होता. परत आल्यावर फोटो थोडे जवळचे वाटले, मी सांगितलंही होतं. पण सॉफ्टवेअरमध्ये ५० निवडलं की स्केल आपोआप लागते, म्हणून चालवा म्हणाले.” सॉफ्टवेअरला मेनूत निवडलेलं ५० तेवढं कळतं. मधली नळी बदलली हे त्याला कोण सांगणार? मॅनेजरांनी तिथूनच लॅबमध्ये फोन लावला. अडॅप्टर उतरवून कडेवरचा आकडा वाचायला सांगितलं. ०.६३.

त्या संध्याकाळी मला सर्वांत बरं वाटलं ते याचं, की मॅनेजर फोन ठेवून तिच्याकडे वळले आणि म्हणाले, “तू सांगितलं होतंस.”

लॉट अर्थातच नापास झाला. खरं काम त्यानंतरचं होतं, कारण सर्व्हिसच्या तारखेपासून पास झालेला प्रत्येक लॉट संशयात होता. सुदैवानं तिनं सगळे मूळ फोटो जपून ठेवले होते. पिक्सेलची संख्या खोटी नव्हती, खोटा होता तो गुणक. त्यामुळे पुन्हा कापाकापी करायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून स्टेज मायक्रोमीटरचा नवा फोटो आला, २०० मायक्रॉनला १८२६ पिक्सेल, आणि सगळे जुने आकडे १.२६ नं भागले गेले. रिपोर्टात ३१.५ किंवा त्याहून जास्त असलेले लॉट सुटले. त्याच्या खालचे, म्हणजे २७, २८, ३० असे एरवी निर्धास्तपणे पास झालेले, गोदामातून आणि जिथे पोचले होते तिथून परत मागवले.