चिंगीची नोंद ९: पहिली ऐंशी पावलं

मंगळवारी आमच्या कुत्रीचा, चिंगीचा, आकडा २७ वर गेला. म्हणजे एका फेरीत लीश (फिरवताना हातात धरायची दोरी) २७ वेळा ताणली गेली. त्याआधीच्या शनिवारी तो ६ होता. मोजायची रीत तीच आहे: गेटपासून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत आणि परत, साधारण ४०० पावलांची ठरलेली फेरी, लीश ताणली गेली की डाव्या खिशातला एक हरभरा उजव्या खिशात. सहा आठवडे उतरत आलेला आकडा एका सकाळी चौपटीच्या वर जातो, तेव्हा कुत्री शिकलेलं विसरली म्हणून सोडून देता येत नाही. काहीतरी बदललेलं असतं. ते शोधण्यात हा आठवडा गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: लॅब्रेडॉर आणि गावठी संकर, मादी, वय ९ महिने, वजन १८ किलो, मुक्काम इंदूर, सुदामा नगर. अजून पहिल्यांदा माजावर आलेली नाही. आली की जवळजवळ तीन आठवडे रस्त्यावरचा सराव बंद ठेवायचा, हे आधीच ठरलेलं आहे.

आधी जे जमलं ते. दात लावणं जवळपास थांबलं! पक्के ४२ दात सातव्या महिन्यापर्यंत येऊन गेले होते, त्यामुळे दात शिवशिवतात म्हणून चावते हे कारण केव्हाच संपलं होतं. खरं कारण निघालं अपुरी झोप. संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात पायजम्याची कड, घोटा आणि आजींचा पदर हे ठरलेले बळी. वहीत झोपेच्या वेळा लिहायला लागल्यावर दिसलं की दुपारी घरात वर्दळ असली, झोप तुटली, की त्या संध्याकाळी हमखास चावे. आता चार ते सहा मागची खोली, पडदा ओढलेला, पंखा चालू, लिकमॅटवर (चाटून खायच्या खाचांच्या रबरी चटईवर) दोन चमचे साधं दही. दही संपेपर्यंत डोळे मिटायला लागतात. ज्यांचं पिल्लू संध्याकाळी अंगात आल्यासारखं करतं, त्यांनी व्यायाम वाढवण्याआधी झोप वाढवून बघावी. दमलेल्या पोराला आणखी पळवलं तर ते जास्तच किरकिरतं, तसंच हे.

पदरासाठी पर्याय म्हणून वेणी केली आहे: जुन्या सुती साडीच्या तीन पट्ट्या, प्रत्येकी ८ सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब, घट्ट विणून दोन्ही टोकांना गाठ. लांबी महत्त्वाची, कारण वेणी जमिनीवरून सरपटती ठेवली तर दात हातापासून लांब राहतात. दात कातडीला लागला की वेणी सोडायची, खोलीबाहेर जायचं, ३० सेकंदांनी परत. पाच मिनिटं बाहेर राहिलात तर कशामुळे खेळ थांबला हे तिच्यासाठी पुसलं जातं. वेणीचे धागे बोटभर सुटले की ती फेकून द्या. गिळलेला धागा आतड्यात अडकतो. आणि खेळताना का होईना, दात लागून रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून डॉक्टरांना दाखवायचं. घरचंच पिल्लू आहे म्हणून यात सूट नाही.

उड्यांचं गाडं अर्ध्यावर आहे. घंटा वाजली की दाराआड उभं राहून दहा तुकडे जमिनीवर विखरायचे, हे उत्तम चाललंय. नाक खाली असलं की पुढचे पाय आपोआप खाली राहतात. अडचण माणसांची आहे. "असू दे हो, मला आवडतात कुत्री," म्हणत उडी मारलेल्या कुत्रीचे कान कुरवाळणारे एक काका दोन आठवड्यांची मेहनत एका मिनिटात पाण्यात घालतात. दहा उड्यांपैकी एका उडीला लाड मिळाले तर ती उरलेल्या नऊ उड्या नेटाने मारते. म्हणून पाहुणे आले की आता खिडकीच्या गजाला १.२ मीटरची दोरी, तीही हार्नेसच्या (छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याच्या) मागच्या कडीला, गळपट्ट्याला कधीच नाही. चारही पाय जमिनीवर असले तर पाहुणा एक पाऊल पुढे, पाय उचलले तर एक पाऊल मागे. छातीत गुडघा मारण्याचा सल्ला अजून कुणी ना कुणी देतोच. त्यातून ती एवढंच शिकेल की पाहुण्यांचा गुडघा लागतो. पाहुणे आल्यावर काय करायचं ते मात्र तिला कळणार नाही.

आता त्या २७ कडे.

पहिला संशय हार्नेसवर गेला. वायच्या आकाराचा, छातीवर पुढे कडी असलेला. ओढलं की कडी अंगाला बाजूला वळवते, म्हणून सरळ जोर लावता येत नाही. त्याचा उपयोग एवढाच. बुधवारी नीट पाहिलं तर कडी छातीच्या मध्यावरून सरकून डाव्या काखेकडे गेलेली. नायलॉनचा पट्टा पावसात भिजला की त्यावरची प्लॅस्टिकची सरकपट्टी हळूहळू सुटते आणि रोज थोडा थोडा पट्टा सैल होत जातो. पट्ट्याखाली सपाट दोन बोटं जावीत, इथे चार जात होती. नाक्यावरच्या चांभाराकडून सरकपट्टीच्या मागे मेणाच्या दोऱ्याचे चार टाके घालून घेतले. भारीतला हार्नेस असो की साधा, पावसाळ्यात हे टाके घालाच. घातल्यावर फेरीत आकडा २४. म्हणजे चोर दुसराच.

दुसरा संशय संध्याकाळच्या फेरीवर. नेहमीची २ मीटरची लीश ओली असायची म्हणून चार संध्याकाळी गुंडाळीची लीश वापरली गेली होती. घरोघरी दिसणारी ही वस्तू ओढण्याची शिकवणीच आहे. आतली स्प्रिंग पट्टी सतत किंचित ताणलेली ठेवते, आणि कुत्र्याने जोर लावला की पट्टी आणखी सुटते. रोज सकाळी "ताण आला की चाल थांबते" असं शिकवायचं आणि संध्याकाळी "ताण दिला की रस्ता मिळतो" असं, मग कुत्र्याने ऐकायचं कुणाचं? ती लीश माळ्यावर गेली. त्याऐवजी आणखी एक २ मीटरची, २० मिलिमीटर रुंद साधी लीश घेतली. एक वाळत असताना दुसरी हातात. गुरुवारी सकाळी २१. सुधारणा आहे, पण ६ अजून लांबच.

मग वहीत फेरीचे तुकडे पाडून हरभरे वेगळे लिहिले. २१ पैकी १६ ताण गेटपासून पहिल्या ८० पावलांतले! उरलेल्या ३२० पावलांत फक्त ५. कडुनिंबाकडून परतताना लीश इंग्रजी जे अक्षरासारखी सैल लोंबत होती. जिला सैल लीशवर चालता येत नाही, तिला परतीच्या वाटेवरही आलं नसतं. चालणं येतंय. गेटपाशी ती शिकण्याच्या अवस्थेतच नसते.

आणि इथे वेळ सापडली. पावसामुळे फेरी पावणेसहावरून सातवर गेली होती. सातला आमच्या गल्लीत कचरागाडी येते. इंदूरकरांना सांगायला नको: भोंग्यावर गाणं, पाठोपाठ गेटांचे खडखडाट, डबे, आणि गाडीमागे भुंकत निघालेली गल्लीतली चार कुत्री. चिंगी हे सगळं आतून ऐकत असते. त्यात खुंटीवरची लीश निघते, हार्नेसचं बक्कल वाजतं, गेटची कडी सरकते. एकेक गोष्ट तिला पेलते. चार एकदम आल्या की रस्त्यावर पहिलं पाऊल पडायच्या आधीच दूध उतू गेलेलं असतं. मग पहिल्या ८० पावलांत झाडासारखं उभं राहून काय होणार? झालं ते असं: उभं राहिलं की ती वळून लीशच चावायला लागायची. नुसतं थांबणं तापलेल्या कुत्र्याला आणखी तापवतं.

म्हणून शिकवणी गेटच्या आत आणली. दिवसातून १२ ते १५ वेळा लीश खुंटीवरून काढायची आणि परत टांगायची. बाहेर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मान उचलणं सोडलं. हार्नेस घातल्यावर लगेच निघायचं नाही, पाच मिनिटं ओसरीवर विखरलेले तुकडे शोधणं. मग कडीला हात लावायचा. ती उसळली तर हात खाली, उभी राहिली तर कडी एक बोट सरकवायची. शुक्रवारी गेट पूर्ण उघडायला ११ प्रयत्न लागले.

बाहेर पडल्यावर पावलांची चढण: एक पाऊल, तुकडा, दोन पावलं, तुकडा, तीन, चार, असं दहापर्यंत. मध्ये ताण आला तर परत एकपासून. तुकडा आपल्या पायजम्याच्या डाव्या शिवणीला, तिच्या नाकाच्या उंचीवर द्यायचा. पुढे धरून दिला की ती पुढे यायला शिकते, आणि ही चूक बहुतेक सगळे करतात. ताण येण्याआधी, लीशमध्ये वीतभर सैलपणा उरलेला असतानाच "इकडे" म्हणून मागे वळायचं. ताण आल्यावर वळलं तर झटका बसतो. झटक्याने काही शिकवायचं नाहीये. लीश चावलीच तर खेचाखेच नको. हात सैल सोडून पायाशी पाच-सहा तुकडे टाकायचे आणि ती खाऊन शांत उभी राहिली की मगच पुढचं पाऊल. शुक्रवारी पहिली ८० पावलं चालायला १४ मिनिटं लागली. फेरी तिथेच संपवली. घरी येऊन ती दोन तास गाढ झोपली, जी अर्ध्या तासाच्या ओढाताणीनंतर कधी झोपली नव्हती.

तुकड्यांबद्दल: उकडलेलं चिकन, मीठ-मसाला नाही, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, एका वेळी ५० ते ६०, तेवढं जेवणातून कमी. पनीर पावसाळी हवेत बोटांना चिकटतं आणि देण्यात दोन सेकंद जातात. शाबासकी सेकंदाच्या आत पोचली पाहिजे. फुटाणे चावायला वेळ लागतो, चाल तुटते. कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीखाली सांडलेले पोहे-शेव हा वेगळाच शत्रू. त्यातला कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशींना मारक असतो. त्या बाजूने जाताना नाकासमोर मुठीत तीन तुकडे धरून न थांबता पुढे.

आणि दुकानात "ओढते" एवढं म्हटलं की अजूनही पहिल्यांदा गळफासाची साखळी पुढे करतात. घेऊ नका. श्वासनलिकेला इजा होण्याचा धोका आहेच; त्याहून वाईट म्हणजे समोरून दुसरं कुत्रं आलं की दर वेळी गळा आवळला जातो, आणि काही आठवड्यांनी कुत्र्याच्या डोक्यात दुसरं कुत्रं म्हणजे वेदना हेच बसतं. मग भुंकणं सुरू झालं की लोक म्हणतात, जातच वाईट.

पुढचं ठरलं होतं असं: फेरी परत पावणेसहाला, कचरागाडी टाळायची. पण हे लिहिताना वहीतल्या वेळा परत पाहिल्या आणि बेत बदलतोय. गाडीचं गाणं आधी दोन गल्ल्या पलीकडून बारीक ऐकू येतं, मग हळूहळू मोठं होत दारात येतं. आवाजाची सवय लावताना आपण फोनवर गाणं मुद्दाम हळू लावून रोज थोडं वाढवतो. इथे तर गाडी ते काम रोज सकाळी फुकट करतेय! मग टाळायची कशाला?

नवा बेत: पावणेसहाची फेरी चालू. सातला लीश नाही, बाहेर जाणं नाही. गाणं पहिल्यांदा बारीक कानावर पडलं की एक सेकंद थांबून तुकडा, आणि गाणं चालू असेपर्यंत दर चार-पाच सेकंदांनी एक. गाणं थांबलं की तुकडे बंद. क्रम उलटा होता कामा नये. तुकडा आधी दिसला तर तुकडाच "आता भोंगा येणार" याची खूण बनतो, आणि मग ती चिकनकडेही संशयाने बघायला लागते. आधी मागची खोली, मग बैठक, मग ओसरी, मग बंद गेट. प्रत्येक ठिकाणी सलग तीन सकाळी तिने सगळे तुकडे खाल्ले तरच पुढे. तुकडा तोंडाशी धरूनही घेत नसेल तर जागा फार जवळची आहे, मागे या.

हे गेटपाशी जमलं तर तोच क्रम ढोलताशासाठी. गणपती तोंडावर आहेत आणि गल्लीत मिरवणुकीचा सराव सुरू होईलच. अनंत चतुर्दशीच्या रात्री, कापड गिरण्यांच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) निघतात तेव्हा, मात्र सराव नाही. मागची खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा. ज्यांची घरं मिरवणुकीच्या वाटेवर आहेत त्यांनी त्या दिवशी गळपट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला आहे ना, एवढं तपासावं.

लांब दोरीचं राहिलंच. ८ मीटर निवार (खाटेला विणतात ती सुती पट्टी), २५ मिलिमीटर रुंद, एका टोकाला सियागंज बाजारातून आणलेला पितळी हूक, चांभाराकडून चौकोनी शिवण. दुसऱ्या टोकाला मूठ ठेवलेली नाही, कारण फास झाडाझुडपात अडकतो. ही फक्त मागच्या कडीला आणि "हुंग" म्हटल्यावर. छातीची कडी म्हणजे चालणं, पाठीची कडी म्हणजे हुंगणं. सुती निवार भिजल्यावर जड होते आणि वाळायला दोन दिवस घेते, म्हणून पुढची नायलॉनची करणार.

शनिवार सकाळ, जोड: पावणेसहाच्या फेरीत पूर्ण ४०० पावलं, आकडा ११, पहिल्या ८० पावलांतले ३. सातला मागच्या खोलीत १४ तुकड्यांपैकी ९ खाल्ले. शेजारचं गेट वाजलं आणि बाहेरची कुत्री भुंकायला लागली तिथे तोंड बंद, कान पुढे, शेपूट ताठ. उद्या त्याहून आत, न्हाणीघराजवळच्या बोळात, दार लोटून.