मामीच्या मुठीतलं मीठ, मावशीचं खतखतं

चवथ, म्हणजे आमच्या गोव्यातली गणेश चतुर्थी, महिनाभरावर आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर गडबड सुरू होते. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांचं, सामान कोण कुठून आणणार ते लवकर मिटतं, कारण फोंड्याचा माटोळी बाजार जवळ आहे आणि उरलेलं काका रानातून आणतात, मग मात्र खरा विषय निघतो तो खतखत्याचा, म्हणजे डाळ, खोबऱ्याचं वाटप आणि पाचांहून जास्त भाज्यांच्या आमटीचा. पुण्याच्या वैनीला रेसिपी हवी असते, बेळगावची चुलतबहीण विचारते तिरफळं, ती वासाची मसाल्याची फळं, नक्की कधी घालायची, टोरांटोचा मावसभाऊ म्हणतो इथे नीरफणस मिळत नाही तर त्याच्या जागी काय घालू, आणि मावशी सगळ्यांना एकच उत्तर देते, "अंदाजान घाल गो." तरुण मंडळी वैतागतात, म्हणतात ही काही सांगतच नाही. मला ते पटत नाही. मावशी काही लपवत नाही, तिच्या अंदाजात काय काय आहे ते आपणच तिला कधी धड विचारलेलं नाही. आणि हे आत्ताच विचारायला हवं, कारण चाळीस माणसांचा चवथीचा स्वयंपाक एकहाती उरकणाऱ्या आमच्या घरात आता मावशी, मामी आणि डिचोलीची आत्या एवढ्याच उरल्यात आणि तिघींचेही गुडघे दुखतात.

चवथीच्या स्वयंपाकात एक गोष्ट अशी आहे की ती पाहिल्याशिवाय अंदाज म्हणजे काय ते कळत नाही. नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी काही चाखत नाही. पाच भाज्या, खतखतं, मुगागाठी, वरण, मणगणं, सगळं न चाखता शिजतं, तसंच देवापुढे जातं आणि मग पंगतीत येतं. म्हणजे मीठ पहिल्या फटक्यात बरोबर पडायला हवं, नंतर घालू म्हणायची सोय नाही. आमच्या लहानपणापासून ते बरोबर पडतंय, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

मागच्या खेपेला मी मामीच्या बाजूला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेऊन उभी राहिले. तिने बरणीत हात घातला, तळहात थोडा खोलगट केला, अंगठा बाहेर, मीठ बोटांच्या पहिल्या पेरापर्यंत आलं आणि हात वर. म्हटलं मामी, टोपात टाकायच्या आधी इथे टाक. बत्तीस ग्रॅम. परत घ्यायला लावलं, पुन्हा तेवढंच, एखाद्या ग्रॅमचा फरक. तिला हा प्रकार बघून जाम मजा वाटली. हे जाडं मीठ होतं, पेडण्याच्या बाजूला आगरवाड्याला मिठागरं आहेत तिथलं, ती उन्हाळ्यातच पुरमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, वेळी भरून ठेवते. मग मी तिला दुकानातलं बारीक मीठ त्याच हाताने घ्यायला सांगितलं, तर काटा चाळीसच्या वर गेला. जाड्या खड्यांमधे जागा राहते, बारीक मीठ गच्च बसतं, एवढं साधं कारण. पण पुण्याच्या वैनीचं खतखतं दर वर्षी खारट का होतं ते त्या दिवशी कळलं, बिचारी मामीने सांगितल्याप्रमाणे बरोबर मूठभरच घालायची, फक्त पिशवीतलं बारीक. तिला लगेच फोन केला.

तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की रेसिपी विचारताना किती असं विचारायचंच, पण त्याच्या जोडीला कुठलं आणि का हेही विचारायचं. आपण किती वर थांबतो आणि तिथेच सगळं फिसकटतं. नारळाचंच घ्या. एक नारळ म्हटलं तर आमच्या परसातल्या माडाचा नारळ आणि पुण्याच्या मंडईतला नारळ यात केवढा फरक, म्हणून आता आम्ही खोवल्यावर वजन करतो आणि तेच लिहितो. टोरांटोच्या मावसभावाला तर फ्रोझन खोबरं मिळतं, ते पूर्ण वितळू देऊन कोमट पाण्यात वाटलं तरच रस सुटतो हे त्याने स्वतः शोधून काढून ग्रुपवर टाकलं आणि मावशीने त्याला शाबासकी दिली. आमच्या घरात खतखतं शिकायला सगळ्यात जास्त धडपडतो तो हाच, आणि मला याचा फार आनंद आहे, कारण हे सगळं सुनांनीच शिकायचं असं आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललं आणि त्यात अर्धी माणसं या सगळ्याच्या बाहेरच राहिली. देवळातल्या समाराधनेला पुरुष आचारीच खतखत्याचे मोठे टोप उतरवतात की, मग घरात काय अडचण आहे.

तर मावशीचं खतखतं, तिच्याजवळ उभं राहून, का का विचारत लिहून घेतलेलं.

तूरडाळ आधी मऊ शिजवून बाजूला. भाज्या निदान पाच, चवथीला मावशीच्या टोपात जास्तच असतात, सुरण, काटेकणगी (हाही एक कंद), मक्याचं कणीस, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्चं केळं, लाल भोपळा, रताळं, नीरफणस. सुरण चिरताना हाताला खोबरेल लावायचं नाहीतर खाज सुटते. सगळं एकदम टोपात टाकायचं नाही, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आधी सुरण, काटेकणगी आणि कणसाचे तुकडे, ते अर्धे शिजले की मुळा, शेंगा, केळं, आणि भोपळा, रताळं, नीरफणस अगदी मागाहून, नाहीतर भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण दाताखाली कचकचतं. सोलं, म्हणजे आमसुलं, भाज्या पूर्ण शिजल्याशिवाय घालायची नाहीत, कारण आंबट आधी पडलं की कंद शिजता शिजत नाहीत, तासभर गॅस जाळला तरी आतून कडक. बेळगावच्या बहिणीचं नेमकं तिथेच अडत होतं.

वाटप म्हणजे ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, हळद, एकदम मऊ वाटलेलं. कांदा नाही, लसूण नाही. डाळ आणि वाटप घातलं की गूळ, सोलं, मीठ, आणि मग तिरफळं. तिरफळाची आतली काळी बी काढून टाकायची, चवीला नकोशी असते, वास सगळा सालात. ती सालं थोड्या पाण्यात भिजवून हलकेच चेचायची आणि पाण्यासकट टोपात, उकळी आली की, लगेच झाकण. वाटपाबरोबर मिक्सरला अजिबात लावायची नाहीत, कडू होतं आणि दुसऱ्या कशाचा वास लागत नाही. माझ्याकडे मावशीची व्हॉइस नोट आहे त्यात ती तीनदा म्हणते, "उकळी येतकच घाल, पयलीं न्हय", म्हणजे उकळी आल्यावरच, आधी नाही. झाकण ठेवल्यावर पाचेक मिनिटांत गॅस बंद, वरून चमचाभर कच्चं खोबरेल, आणि मग तासभर त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी ते दुपारपेक्षा चांगलं लागतं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून, पण आमच्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत उरलं तर ना.

आता गंमत अशी की डिचोलीच्या आत्याकडे खतखत्यात उकडलेले भुईमूग असतात आणि धणेही वाटपात जातात, आणि काणकोणच्या मामाकडे खोल्याची मिरची, ती डोंगराच्या उतारावर होते, जीआय टॅगवाली (भौगोलिक मानांकन मिळालेली), रंग मस्त पण बऱ्यापैकी तिखट, त्यामुळे ते गूळ बराच जास्त घालतात. पेडण्याची एक सून हरमलची मिरची आणते, तिलाही जीआय आहे. आमची मावशी ब्याडगीवाली. प्रत्येकाला आपलंच खरं खतखतं वाटतं आणि दर वर्षी भुईमुगावरून वाद होतोच. मधे एका भावाने सुचवलं की सगळ्यांच्या रेसिप्या एकत्र करून एक फायनल बनवू, पीडीएफ करू, विषयच संपला. मी सरळ नाही म्हटलं, आणि यावर थोडी वादावादीही झाली. फायनल केलं तर काय होणार, भुईमूग ऑप्शनल, धणे ऑप्शनल, मिरची चवीनुसार, म्हणजे कोणाच्याच घरचं न राहिलेलं काहीतरी. काणकोणचा गूळ त्या मिरचीमुळे आहे, मिरची काढून नुसता गूळ घेतला तर ते गोड मिट्ट होणार. या गोष्टी एकमेकांना धरून आहेत, त्यातली एक इकडची एक तिकडची उचलून चालत नाही.

म्हणून आता आम्ही वेगळं ठरवलंय. ड्राइव्हवर एक फोल्डर आहे, त्यात घराच्या नावाने रेसिप्या, फोंडा, डिचोली, काणकोण, पेडणे, आणि प्रत्येकीवर कोणाच्या हातची, कोणी लिहून घेतली आणि कुठल्या महिन्यात ते लिहायचंच. महिना फार महत्त्वाचा. आषाढ-श्रावणात कोवळा टाकळा, म्हणजे आमचा तायखिळो, फणसाच्या आठवळ्या घालून केलेला, तो नंतर जून झाला की तीच रेसिपी कडू. आंबाडे पावसात मिळतात तेव्हाच आंबाड्यांची उडदामेथी. घोटांचं सासव उन्हाळ्यातच, ती छोटी रायवळ आंब्याची फळं इतर वेळी कुठून आणणार. नुसती कृती वाचून कोणी जानेवारीत सासव करायला बसला तर त्याला वाटणार रेसिपीतच खोट आहे. व्हॉइस नोटा पण तशाच ठेवल्यात, कोंकणीत, त्या लिहून काढल्या तरी मूळ डिलीट करायच्या नाहीत असा नियम, कारण मणगण्यात नारळाचा जाड रस घालताना आत्या मधेच ओरडते "धांप, गॅस धांप", म्हणजे बंद कर, ते ऐकलं की माणूस आयुष्यात परत जाड रस उकळायची हिंमत करणार नाही. पातळ रसात चण्याची डाळ, साबुदाणा आणि गूळ शिजवायचा, जाड रस गॅस बंद करून, उकळला की फाटला.

आणि नुसती रेसिपी पाठवून भागत नाही, सामानही पाठवावं लागतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमची काकी तिरफळं वाळली की बिया काढून छोट्या बाटल्या भरते आणि ओळखीच्या ड्रायव्हरकडे देऊन चोर्ला घाटाने बेळगावला पोचवते, तिकडून पुण्याला कोणी ना कोणी जाणारं असतंच. तिरफळाच्या झाडाला खोडापासून काटे, ती काढणं सोपं काम नाही, म्हणून बाटली मिळाली की आम्ही सगळे जपून वापरतो. वैनीला मी हळदीचा गड्डा दिला होता, तिने पुण्यात बाल्कनीत कुंडीत लावला आणि आता नागपंचमीला तिच्या घरच्याच पानांवर पातोळ्या होतात. आधी बाजारात पानं मिळाली तर करायची नाहीतर राहून जायच्या. पीठ पातळसर असावं, बोटांनी पानावर पसरलं की पानाच्या शिरा खालून हलक्या दिसल्या पाहिजेत, मधे चून, म्हणजे गूळखोबऱ्याचं सारण, पान उभं दुमडायचं आणि वाफेवर पंधरा मिनिटं. उघडल्यावर शिरांचे वळ पातोळीवर नीट उमटलेले दिसले तर पीठ बरोबर जमलं असं समजा.

पातोळ्यांवरून आठवलं, आमच्या शेजारच्या ख्रिश्चन घरातून पंधरा ऑगस्टला सायबिणीच्या (मरियेच्या) फेस्ताच्या पातोळ्या येतात, तीच हळदीची पानं, तेच चून, आणि आमच्याकडून चवथीला त्यांच्याकडे नेवऱ्या जातात, नाताळात त्यांच्याकडून परत नेवऱ्या येतात. तिथली आजी आणि माझी आई चुनात गूळ किती यावर अजून बोलत असतात, काळा माडाचा गूळ घ्यावा यावर मात्र दोघींचं एकमत. मी त्यांचीही रेसिपी फोल्डरमधे ठेवलीय, त्यांना विचारून. नात्यातले नसले म्हणून काय झालं, आमच्या परसातली हळदच त्यांच्याकडून आलेली आहे.

सध्या काम राहिलंय ते चेपणीच्या तोरांचं, म्हणजे मिठात दाबून ठेवायच्या कैऱ्यांचं. कोवळे तोर, जाडं मीठ, वर दगड, ऐकायला एवढंच, पण मामीचे तोर भर पावसातही टणक राहतात आणि माझ्या आईचे मऊ पडतात, आणि मामी म्हणते तोर कुठल्या झाडाचे आणि कधी उतरवले त्यावर सगळं आहे, ते फोनवर सांगून कळायचं नाही. तर ठरलंय असं की एप्रिलमधे मामा झाडावर माणूस चढवणार त्या दिवशी ज्याला जमेल त्याने काणकोणला यायचं, बेळगावची बहीण सुट्टी टाकणार म्हणालीय, मावसभावाला व्हिडिओ कॉल लावू. वजनकाटा मी आणते. आगरातलं मीठ मामीकडे आहे, पण बरणी कोणीतरी मोठी काचेची आणा, मामीकडच्या सगळ्या मिसकुटीने, म्हणजे कैरीच्या लोणच्याने, भरलेल्या आहेत.