बंद घरात गटाराचा वास येतो तेव्हा

अमेरिकेत मिनियापोलिसकडे नोव्हेंबरात खिडक्या बंद झाल्या की त्या थेट एप्रिलमध्ये उघडतात. बाहेर उणे वीस असताना घरात गटाराचा वास सुटला, तर दारं-खिडक्या उघडून तो घालवता येत नाही. आमच्या बेसमेंटमध्ये यंदा जानेवारीत असा वास यायला लागला. कधी सकाळी, कधी रात्री, आणि मधे काही दिवस अजिबात नाही. इथल्या मराठी मंडळींशी बोलले तेव्हा कळलं की हा त्रास अनेकांना झालाय आणि बहुतेकांनी सुगंधी फवारे मारून दिवस काढलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी गॅसची शंका मिटवायची. इथे घर तापवायला आणि स्वयंपाकाला पाइपने येणारा नैसर्गिक वायू वापरतात. मुळात त्याला वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत असा गळलेला, बिनवासाचा गॅस पेटला आणि सुमारे ३०० जण गेले, त्यात बहुतेक लहान मुलं. त्यानंतर गॅसमध्ये उग्र वासाचं रसायन मिसळण्याचे कायदे झाले. ते रसायन गंधकाचं, आणि ड्रेनेजमधून येणारा हायड्रोजन सल्फाइडही गंधकाचाच, त्यामुळे नाकाला फरक कळेलच असं नाही. शंका आली की दिव्याचं बटणही न दाबता बाहेर पडायचं आणि फोन बाहेरूनच करायचा. आम्ही तसंच केलं. गॅस कंपनीच्या माणसाने उपकरण घेऊन सगळं घर तपासलं आणि गळती नसल्याचं सांगितलं. त्यानंतरच आम्ही ड्रेनेजकडे वळलो.

वास अडवण्याचं सगळं काम ट्रॅपमधलं पाणी करतं. बेसिन, शॉवर, कमोड, प्रत्येकाखाली पाइपला वळण असतं, त्यात दोन ते चार इंच पाणी साचून राहतं आणि मागची हवा मागेच थांबते. अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली अशा वळणाचं पेटंट घेतलं, आणि आजही आपण त्याच तत्त्वावर विसंबून आहोत. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत मोरीचं पाणी आणि संडासाचा पाइप वेगळे असतात. मोरीचं पाणी खाली इमारतीबाहेर जमिनीतल्या ट्रॅपमध्ये (गली ट्रॅप) पडतं, तिथे पाण्याचा आणखी एक अडसर मिळतो. अमेरिकेतल्या घरात मात्र सगळं एकाच उभ्या पाइपला जोडलेलं असतं. एक ट्रॅप सुकला की थेट मैल्याच्या पाइपची हवा घरात.

आणि इथे ट्रॅप सुकतात फार लवकर. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी ठाक होते. बाथरूमची जमीनही आपल्यासारखी रोज धुतली जात नाही. पाहुण्यांच्या खोलीतला शॉवर महिनोन् महिने वापरला जात नाही. आमचा तो शॉवर सुकलेलाच होता. त्यात पाणी ओतलं, वरच्या मजल्यावरचा मंद दर्प गेला, पण बेसमेंटमधला वास तसाच राहिला.

मग एकेक गोष्ट तपासत गेलो. गरम पाण्यालाच वास येत असेल, तर दोष बहुधा हीटरच्या टाकीतल्या मॅग्नेशियमच्या दांड्याचा असतो. आमच्याकडे तसं नव्हतं. कमोड हलत असेल, तर त्याच्या बुडाशी असलेली मेणाची कडी सुटलेली असू शकते. आमचा कमोड घट्ट होता. ड्रेनेजला हवा मिळावी म्हणून छतावर उघडणारा व्हेंट पाइप या थंडीत हिमाने बुजू शकतो, कारण आतून येणारी दमट हवा तोंडाशीच गोठते. तसं झालं की फ्लशच्या ओढीने जवळच्या ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं आणि गुडगुड आवाज येतो. तो आवाजही नव्हता. बेसमेंटच्या जमिनीतल्या जाळीत टॉर्च मारून पाहिलं तर पाणी स्वच्छ दिसत होतं. म्हणजे तो ट्रॅपही भरलेला.

शेवटी उपयोगी पडली ती नोंद. वास आला की त्या वेळी घरात काय चालू आहे, हे मी कॅलेंडरवर लिहायला लागले. नाक फार लवकर सरावतं, त्यामुळे वास घ्यायचा तो बाहेरून आल्या आल्या, थेट बेसमेंटमध्ये उतरून. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. कपडे वाळवण्याचं यंत्र आणि स्वयंपाकघरातला पंखा एकदम चालू असले की वास हमखास. दोन्ही यंत्रं घरातली हवा बाहेर फेकतात, आणि तेवढी हवा घर कुठून तरी आत ओढतंच. त्यात थंडीत गरम हवा वर चढून छताच्या फटींतून निसटते, तिची जागा भरायला खालून हवा येते. म्हणजे हिवाळाभर बेसमेंट एखाद्या स्ट्रॉसारखं हवा शोषत असतं. ज्या भोकाचा उन्हाळ्यात पत्ताही लागत नाही, ते जानेवारीत बोलायला लागतं. दोष रोज तिथेच होता, ओढ कमी-जास्त होत होती.

हे सगळं मी प्लंबरला सांगितलं. वयस्कर, शांत माणूस. त्याने पूर्वी वापरायचे ती पेपरमिंटच्या तेलाची युक्ती सांगितली: एकाने छतावरच्या पाइपात तेल आणि गरम पाणी ओतायचं, दुसऱ्याने घरात वास शोधायचा, आणि ओतणाऱ्याने घरात पाऊल टाकायचं नाही, कारण वास त्याच्या हातालाच असतो. आमच्याकडे त्याने धुराचं यंत्र लावलं. बेसमेंटमधल्या पाइपच्या तोंडातून निरुपद्रवी धूर सोडला. छतावरच्या व्हेंटमधून तो निघाला, म्हणजे तिथे बर्फ नव्हता. आणि दुसरा झोत आला तो बेसमेंटच्या त्याच जाळीतून, जिथे पाणी भरलेलं होतं.

जाळी काढल्यावर कळलं. जाळीखालच्या भांड्याच्या कडेला, पाण्याच्या वर, एक गोल भोक होतं. पाइपात झाडांची मुळं वगैरे अडकली तर ट्रॅपला वळसा घालून तार आत सारता यावी म्हणून ते ठेवलेलं असतं, आणि त्यावर बूच असतं. आधीच्या मालकांच्या काळात कुणीतरी पाइप साफ करताना ते काढलं आणि परत लावलंच नाही. खाली ट्रॅप भरलेला, वरून रस्ता मोकळा! रबराचं बूच काही डॉलरांत मिळालं, आणि बसवल्यापासून वास नाही.

हे नुसतं नाक मुरडण्याचं प्रकरण नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्स या श्वसनाच्या साथीच्या आजाराची लागण तीनशेहून अधिक लोकांना झाली. सुकलेले जमिनीतले ट्रॅप आणि त्यांतून हवा आत ओढणारे बाथरूमचे पंखे हे तिथल्या चौकशीत पुढे आलेलं एक मोठं कारण होतं.

म्हणूनच आईबाबा सहा महिन्यांसाठी इकडे येतात तेव्हा पुण्याच्या फ्लॅटची मला काळजी असते. घर बंद राहिलं की बाथरूमच्या जाळीखालचे नहाणी ट्रॅप सुकतात, मग वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. यंदा त्यांना सांगितलंय की निघायच्या दिवशी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर थोडं बेबी ऑइल सोडा, म्हणजे पाणी लवकर उडणार नाही. खाद्यतेल नको, ते खवट होतं. कमोडचं झाकण बंद ठेवा. शेजारच्या काकूंकडे किल्ली असतेच, त्यांनी महिन्यातून एकदा बादलीभर पाणी फिरवलं आणि फ्लश केला की झालं. बाबा म्हणाले, वॉशिंग मशीनच्या मागची जाळीही विसरू नका असं काकूंना लिहून देतो.