माझ्या टाचा

"पाय धुवून घ्यायला आता बायकांनाही बसवतात, मग तुम्ही का बसत नाही?" पवित्र गुरुवार जवळ आला की गोराईत कुणी ना कुणी मला हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

त्या दिवशी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, चर्चमधल्या मिस्सामध्ये (सामूहिक उपासनेत) फादर गुडघे टेकून बाराजणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे धुतले होते, त्याची ती आठवण. बारावे पायस पोप असताना, १९५५ साली, हा विधी त्या मिस्सामध्ये आणला गेला. बसायचे मात्र पुरुषच. २०१६च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी बायकांनाही वाट मोकळी केली.

त्या संध्याकाळची तयारी कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. टॉवेलना इस्त्री, कोमट पाणी, तांब्या, घंगाळ. ते मला जमतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडतंही. बारा माणसं जमवणं हे मात्र फादरांचं दुखणं. "दुसरं कुणी बघा ना फादर," असं म्हणत जो तो अंग काढून घेतो. जे तयार होतात ते घरून पाय घासून, नखं कापून, नवे मोजे चढवून येतात. म्हणजे धुतलेले पाय पुन्हा धुवायचे.

एका वर्षी ऐन वेळी एकजण आलाच नाही. मागच्या बाकावर होडीवरून थेट आलेला एक कोळी बसला होता, त्याला पुढे बोलावलं. पायांना खाडीचा चिखल, बोटांत मीठ खाऊन पडलेल्या चिरा. घंगाळातलं पाणी काळं झालं आणि माझा पांढराशुभ्र टॉवेल कायमचा डागाळला. मिस्सा संपेपर्यंत मी त्या डागावरच चिडलेली होते. त्या संध्याकाळी धुण्यासारखे पाय तेवढेच होते, हे घरी आल्यावर सुचलं!

येशूच्या काळात धुळीच्या वाटा, पायांत उघड्या चपला. पाहुण्याचे पाय धुणं हे गुलामाचं काम. आपल्याकडे लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो, म्हणजे पाणी नेहमी खालून वर चढतं. इथे गुरूच खाली बसला, आणि त्यात दगा देणाऱ्या यहूदाचे पायही सुटले नाहीत. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यातली तीन त्या जेवणाची भाकर आणि द्राक्षारस सांगतात. चौथ्यातला योहान त्याबद्दल काहीच बोलत नाही, तो पाय धुण्याचं सांगतो.

पण मी अडकते ती त्या शिष्यांतल्या पेत्रापाशी. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, असं तो गुरूला ठणकावतो. मला वाटायचं, किती नम्र माणूस! गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सून घंगाळ घेऊन पायाशी बसली, तर मी पाय साडीत ओढून घेतले. "राहू दे गं, मी करीन." पाय खाली टेकवत नव्हता, करणार काय होते कपाळ! ती म्हणाली, "आई, आजारी माणसाच्या घरी डबा घेऊन पहिल्या तुम्ही धावता. तुमच्यासाठी कुणी काही केलं की मात्र तोंड एवढंसं होतं." मी गप्प बसले. डबा देताना हात माझा वर असतो, हे तिला दिसलं होतं.

तर कारण एवढंच. माझ्या टाचा फुटलेल्या आहेत, भाताच्या शेतात आयुष्य गेलं त्याच्या भेगा. सगळ्या गावासमोर फादरांनी त्या हातात घ्यायच्या, याची लाज वाटते. सेवेचं कारण पुढे करून मी दहा वर्षं टॉवेलांमागे लपले.

यंदा फादरांना "बघते" म्हटलंय. टॉवेलना इस्त्री मीच करणार, ते कुणाला देणार नाही. आणि आठवडाभर आधीपासून टाचांना कोकमतेल चोळायचं नाही, असं ठरवलंय. काल रात्री वडी हातात घेतली होती. परत ठेवली.