वायर

बिनवायरची इस्त्री घ्यावी की नाही, एवढंच विचारलं होतं. ही म्हणाली, "आता कुठं जायचंय तुम्हाला एवढं कडक होऊन?" आणि मेथी निवडायला बसली. चिडून नाही, सहज. सहज म्हणाली तेच लागलं.

मी डावखुरा, आणि खोलीतला बोर्ड उजव्या भिंतीला. वायर शर्टावरून आडवी येते, आत्ताच दाबलेली बाही पुन्हा चुरगाळते. नोकरीत होतो तोवर हे कधी जाणवलं नाही, सकाळी घाईच तेवढी असायची. आता वेळ आहे, तर वायर दिसते.

कुठं जायचंय म्हणे. बँकेत जातो. हयातीचा दाखला द्यायला जातो. तिथं काय, चुरगाळलेला माणूसही हयातच धरतात.

इथं सोलापुरात नवी पेठेत जाऊन बघून आलो. आत बॅटरीबिटरी काही नसते. हजार वॅटच्या पुढचं काम, हातात मावणाऱ्या बॅटरीला ते झेपणार कसं? वायर असते स्टँडला. इस्त्री स्टँडवर तापते आणि उचलली की निवायला लागते. गॅस बंद केल्यावर शेवटची भाकरी तव्याच्या धगीवर निघते, तसा कारभार. टेरीकॉटला चालेल. सुतीला ताप जास्त लागतो, वर वाफ सोडली की आणखी लवकर निवते. म्हणजे एक बाही झाली, ठेवा स्टँडवर. कॉलर झाली, ठेवा. दुकानदार म्हणाला, "तेवढ्यात कपडा फिरवायचा की सर!" हे मात्र पटलं; कपडा उलटताना साधी इस्त्रीसुद्धा उभीच असते. पण वाफेसाठी पाणी लागणार. आमचं बोअरचं पाणी बादलीला पांढरा थर धरतं, ती बारीक भोकं किती दिवस उघडी राहणार? आणि चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी इस्त्रीत ओतताना हिनं बघितलं, तर विषय इस्त्रीवर थांबायचा नाही. किंमत साधीच्या कितीतरी पट.

हिशेब तिथंच संपला, बसमध्ये चढण्याआधी. तरी घरी येईपर्यंत तेच घोळत होतं. तिचंही बरोबर असेल. तीही हल्ली बाहेरची साडी काढत नाही. गुडघे, आणि पोरगं तिकडं पुण्याला... ते जाऊ दे. पण मी कडक व्हायचं ते कुठं जायचंय म्हणूनच का? चाळीस वर्षं मला वाटत होतं, मला आवडतं म्हणून.

संध्याकाळी चहा घेता घेता एकदम सुचलं, गड्डा आहे की, सिद्धेश्वराची जत्रा! सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याकडं बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, घालूनच जातो मी. पांढरीशुभ्र, सुती, आणि वायर अडकायला बंदच बंद. हिला म्हटलं, "चौदा जानेवारीला जायचंय." ती म्हणाली, "मग तेवढ्यासाठी परटाकडं टाका."

यावर काय बोलणार? हसूच आलं. ती कपबशी उचलून आत गेली, मी भिंतीकडं बघत बसलो. डाव्या भिंतीला बोर्ड घ्यायचा तर वायरमनचं तासाभराचं काम, थोडा गिलावा फुटेल. उद्या त्याला फोन करतो. हिला आत्ता काही सांगत नाही, गिलावा पडायला लागला की कळेलच.